उघड्या दाराचे उद्धवराव

पुनावळ्याच्या चौकात उद्धवरावांचा फ्लेक्स लागला आणि त्याच्यामागे अख्खं मेडिकलचं दुकान झाकलं गेलं. औषधाला आलेली माणसं आधी उद्धवरावांचं दर्शन घ्यायची, मग वळसा मारून दुकानात शिरायची. फोटोत उद्धवराव कानाला मोबाइल लावून हसत होते. फोटो निवडणाऱ्याने चूक केली नव्हती. सुमनताईंनी नवऱ्याला बहुतेक वेळा असंच पाहिलं होतं, हसताना आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलताना.

फोटोखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, अन्नदाते’. त्याखाली शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या गड्यांची रांग. त्या रांगेत एकही बाई नव्हती. दहाव्याला रावेतच्या घाटावर जाताना रिक्षा सिग्नलला थांबली, तेव्हा सुमनताईंनी हे सगळं शांतपणे वाचून काढलं आणि नाक मुरडलं.

“अन्नदाते म्हणं! घरात मिठाचा डबा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं ह्या माणसाला.”

शेजारी सून बसली होती, विजयश्री. सातवा महिना. सासऱ्याच्या दहाव्याला जाताना हसावं की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती बाहेर बघत राहिली.

उद्धवराव मूळचे परभणीकडचे. तरणेपणी इकडे आले, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागले आणि तिथंच पिकले. कष्टाळू होते, यात वाद नाही. ओव्हरटाइमला कधी नाही म्हणाले नाहीत. नाइट शिफ्ट करून आले तरी अंघोळ उरकून कुणाच्या तरी कामाला निघायचे. कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या बापाचं ऑपरेशन, कुणाचं भांडण, कुणाची सोयरीक. गावाकडून कामधंद्याला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशात दोन गोष्टी हमखास असायच्या, आधारकार्ड आणि उद्धवरावांचा नंबर. पोरगं उतरलं की थेट यांच्या घरी. आधी पिंपरीतल्या एका खोलीत, मग पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये. नोकरी लागेपर्यंत राहा, असं उद्धवराव म्हणायचे. नोकरी लागल्यावर जा, असं म्हणायला मात्र ते नेमके विसरायचे.

“आपल्या घराचं दार दिवसा लागता कामा नये,” असा त्यांचा दंडक होता आणि तो ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे. मग कंपनीच्या बसमधून घरी फोन यायचा, “सुमन, चौघं आहेत गं.” हा फोन विचारायला नसायचा, कळवायला असायचा. सुमनताई पीठ चाळायला घ्यायच्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ असतात, पण त्या हलवायाशी लग्न करून आयुष्यभर तुळशीपत्रं ठेवत जाणारा असा एखादाच.

गेले तेसुद्धा घरी नाही. पिंपरीच्या एका मंगल कार्यालयात, कुणाच्या तरी साखरपुड्यात, पाहुण्यांना जिलेबीचा आग्रह करता करता छातीवर हात ठेवून बसले ते उठलेच नाहीत. सुमनताई रडल्या. खूप रडल्या. बत्तीस वर्षांचा संसार होता, आणि माणूस वाईट नव्हता हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

पण तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी जे पाहिलं, त्याने त्यांचे डोळे कोरडे झाले. घरातली एक खोली सध्या गावाकडच्या चार पोरांकडे होती. दोघं फर्स्ट शिफ्टला, दोघं नाइटला. त्यांची आंघोळ-पांघोळ चालली होती आणि विजयश्री पोट धरून संडासाच्या दाराशी नंबर लावून उभी होती. तिला आई नाही, म्हणजे बाळंतपण इथंच व्हायचं. डॉक्टरांनी आराम सांगितलेला. आणि ही बाई स्वतःच्या घरात पाहुण्यांच्या मागे रांगेत! दुखवट्याच्या घरातही पोरांना ना लाज, ना घाई.

सुमनताईंनी सुनेला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “दहावा होऊ दे. मग पोरांना दुसरीकडं बघायला सांगते. ती खोली तुझी न् लेकराची.” विजयश्रीने त्यांचा हात धरून ठेवला, बराच वेळ. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिला या घरात कुणी काही द्यायचं कबूल केलं होतं.

घाटावर गर्दी मोप झाली होती. गावाकडच्या दिराची इच्छा होती की दहावा गोदावरीवर व्हावा, पण मित्रमंडळींनी ऐकलं नाही. उद्धवरावांचं माणूसजाळं इथलं, आणि रावेतच्या घाटाला पार्किंगही चांगलं. सगळी सूत्रं धोंडीबाच्या हातात होती. हा धोंडीबा पुनावळ्याच्या जुन्या घराण्यातला, वडिलोपार्जित जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यापासून फक्त माइकवर काम करायचा. उद्धवरावांचा जिवलग. आठवड्यातून तीनदा जेवायला यायचा आणि “वहिनी, आमच्या घरी असली भाकर जमत न्हाई” असं म्हणून चौथी भाकरी मागायचा.

प्रवचन झालं, पिंड मांडले गेले आणि भाषणं सुरू झाली. अमक्याच्या वतीने श्रद्धांजली, तमक्याच्या वतीने श्रद्धांजली. “उद्धवरावांच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही,” असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “माझ्यासारख्या किती पोरांना त्या माणसाने हाताने वाढलं.” हाताने! बायकांच्या बाजूला बसलेल्या सुमनताईंनी पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं, हुंदका आवरत असतील.

मग निवडणुकीला इच्छुक असलेले एक साहेब आले. दहाव्यांचा हंगाम असावा, सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा घाट. माइक हातात घेऊन ते भरल्या गळ्याने म्हणाले, “या माउलीने रात्रंदिवस चुलीपुढे राबून लेकरं वाढवली...” मागून कुणीतरी सदरा ओढला. साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अशा माउलीसारखे आपले उद्धवराव!” एवढं बोलून ते गाडीत बसून गेले. सुमनताईंच्या मनात आलं, एवढ्या बोलणाऱ्यांत आपल्याविषयी बोलला तो हा एकटाच, आणि तोही चुकून.

भाषणं संपली तरी कावळा शिवेना. आजूबाजूला उंच इमारती झाल्यापासून इकडचे कावळे निवांत झालेत. एक होता, शेडच्या पत्र्यावर बसून मान वाकडी करून गर्दीकडे बघत होता. पिंडाकडे ढुंकूनही पाहीना. मग नेहमीचा प्रकार सुरू झाला. गेलेल्याची इच्छा राहिली असणार, ती काय होती हे ज्याने त्याने ओळखायचं आणि हात जोडून वचन द्यायचं.

“उद्धवराव, मंडळाची मिरवणूक जोरात काढू!” कावळा ढिम्म.

“दादा, तुमच्या नावानं क्रिकेटच्या मॅची भरवू!” कावळ्याने पंख साफ केले.

“नातू झाला की तुमचं नाव ठेवू!” विजयश्रीने दचकून पोटावर हात ठेवला. कावळ्याला त्यातही काही रस दिसला नाही.

सुमनताई मनात म्हणत होत्या, घरात काय हवं-नको ते या माणसाने उभ्या जन्मात कधी विचारलं नाही आणि सांगितलं नाही, आता त्याच्या मनातलं ओळखायला तीनशे माणसं निघालीत. इतक्यात धोंडीबा पुढे झाला. त्याने माइक सोडला नव्हताच.

“उद्धवराव, तुमाला घोर लागलाय त्यो आमाला ठावं हाय! तुमच्या घराचं दार बंद व्हनार न्हाई! पोरं हायेत तितंच ऱ्हातील. गावाकडनं येनाऱ्याला पयल्यासारखाच आसरा मिळंल. व्हय का न्हाई बंटी? सांग तुज्या बापाला!”

बंटी म्हणजे प्रज्वल, सुमनताईंचा एकुलता एक. मुंडण केलेलं, ओलं धोतर, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. बापासारखाच तो. चार माणसांनी बघितलं की छाती पुढे येते. त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “अण्णा, आपलं दार उघडंच राहील. मी शब्द देतो.”

आणि पत्र्यावरचा कावळा सरळ खाली उतरला, भातात चोच घातली.

“शिवला! शिवला!” घाटभर आवाज उठला. माणसं डोळे पुसू लागली. धोंडीबा तर ओक्साबोक्शी रडला. सुमनताई त्या कावळ्याकडे बघत राहिल्या. हाही गाववालाच निघाला, त्यांना वाटलं, बरोबर जेवायच्या वेळेला आला.

“आई,” विजयश्री अगदी हळू म्हणाली, “आता?”

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. घाटावर दिलेलं वचन, त्यावर कावळा शिवलेला, आणि साक्षीला सगळं पुनावळं. आता त्या पोरांना जा म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाचा घास काढून घेणं. सुमनताईंना राग आला. नवऱ्याचा आला, पोराचा आला, धोंडीबाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. इतकी वर्षं तोंड मिटून भाकऱ्या थापत बसलो, म्हणून आज आपल्या देखत सुनेचे हात परस्पर गहाण टाकले गेले.

“आता कुटुंबाच्या वतीनं बंटी आभार मानंल,” धोंडीबाने जाहीर केलं.

बंटी डोळे पुसत पुढे निघाला. सुमनताई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, “आणा इकडं.” धोंडीबाला काही सुचायच्या आत माइक त्यांच्या हातात होता.

“मी उद्धवरावांची बायको. चौकातल्या बोर्डावर माझा फोटो न्हाई, म्हणून सांगायले,” त्या म्हणाल्या. “एवढ्या सकाळी आलात, बरं वाटलं. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. आमच्या घरची भाकर खाल्ली न्हाई, असं कुणी हाय का इथं? असलं तर हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. उलट माना अभिमानाने डोलल्या.

“बरं. आता, ह्यांना भाकरी थापताना कुणी बघितलं असंल तर त्यानं हात वर करा.”

आधी बायकांत खसखस पिकली. मग पुरुषांत दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

“हसू नका. माणूस चांगलाच होता. पण त्यानं दार उघडायचं आणि मी पीठ मळायचं, अशी आमची वाटणी होती, आणि नाव एकट्या दाराचं झालं. आता लेकानं शब्द दिलाय. कावळ्यानं ऐकला, तुमी ऐकला. शब्द मोडायचा न्हाई. दाराला माझ्या हातानं कडी लागायची न्हाई. पण शब्द दाराचा दिलाय, चुलीचा न्हाई. ह्यापुढं येणाऱ्याला भाकर घालायची तर ज्यानं शब्द दिला त्यानं थापायची. मी थापणार न्हाई आणि माझी सूनबी थापणार न्हाई. नाष्टा केल्याबिगर कुणी जाऊ नका.”

माइक त्यांनी धोंडीबाच्या हातात परत दिला. तो कसाबसा म्हणाला, “वहिनींचं दुख लई मोटं हाय, त्या भरात... आपन समजून घेऊ.” समजून घेत घेत सगळी मंडळी पोह्यांच्या रांगेला लागली. तोंडं मात्र जरा खाली होती, आणि नेहमी दोनदा घेणाऱ्यांनी त्या दिवशी एकदाच घेतले.

घरी आल्यावर प्रज्वलने चप्पल कोपऱ्यात भिरकावली. “सगळ्या लोकांत अण्णांची अब्रू घालवलीस!”

“मी कुठं घालवली? तुझ्या हवाली केली. राख आता.”

“राखीन! भाकरी म्हणजे काय रॉकेट सायन्स आहे का? करीन मी.”

“कर की बाबा,” सुमनताई म्हणाल्या आणि पाय लांब करून हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या. त्या सोफ्यावर दिवसाउजेडी त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

प्रज्वल चाकणला फर्स्ट शिफ्टला जायचा. पहाटे अंधारात कंपनीची बस, परत यायला दुपार टळलेली. आला की परातीत ज्वारीचं पीठ. पहिल्या दिवशी त्याने गार पाणी घातलं, भाकऱ्या तव्यावर टाकेपर्यंत तीन ठिकाणी फाटल्या. दुसऱ्या दिवशी कढत घातलं आणि हात पोळून घेतला. खोलीतली पोरं दारात उभी राहून बघायची. त्यांतला एक बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, “भाऊ, काकूंसारख्या पातळ नाही होत का?”

सुमनताईंना हॉलमध्ये बसून सगळं ऐकू यायचं. थापण्याच्या आवाजावरून कळायचं की पीठ सैल झालंय, कडा जाड राहतायत. हात शिवशिवायचे. दोनदा तर त्या अर्ध्या उठल्या होत्या. पण विजयश्री समोर भिंतीला टेकून बसलेली असायची, सुजलेले पाय लांब करून, आणि तिच्याकडे बघितलं की त्या पुन्हा बसायच्या. लेकाची दया येत होती, नाही असं नाही. पण दया करूनच तर आजवरचा घोटाळा झाला होता.

त्यात धोंडीबाने आणखी एक पोरगं पाठवलं. लातूरचं, नवंकोरं, हातात बॅग. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दार उघडंच होतं, पोरगं आत आलं आणि पाया पडून जेवायला बसलं. प्रज्वलने त्या दिवशी ओव्हरटाइम केला होता. परातीपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे खांदे गळून गेले होते.

“अरे, एकाने तरी पीठ मळा ना,” तो खोलीच्या दिशेने म्हणाला.

आतून मोबाइलच्या व्हिडिओचा आवाज येत होता. मग उत्तर आलं, “आम्हाला नाही येत भाऊ. सवय नाही.”

प्रज्वलने परात खाली ठेवली. हात धुतले नाहीत, तसाच पिठाच्या हातांनी खोलीच्या दाराशी गेला. सुमनताईंनी कान टवकारले. त्यांना वाटलं, आता आवाज चढणार. पण चढला नाही. तो थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, “रविवारपर्यंत दुसरीकडे बघा सगळे. बायकोला ही खोली लागणार आहे.”

रविवारची वाटसुद्धा बघावी लागली नाही. दुसऱ्याच दिवशी पाचही जण बॅगा घेऊन चाकणला गेले, कंपनीच्या जवळ, मेस असलेल्या जागेत. जागा त्यांना केव्हाचीच ठाऊक होती. तिथं ताट आपलं आपण घासावं लागतं, एवढीच काय ती अडचण होती. जाताना सगळे सुमनताईंच्या पाया पडले आणि म्हणाले, “काका देवमाणूस होते.” सुमनताईंनी तोंड भरून आशीर्वाद दिला. पोरांचा राग नव्हताच त्यांना. हात ओला तर मैत्र भला, हे काही त्या पोरांनी शोधून काढलेलं नव्हतं.

धोंडीबाचा फोन आला. कावळ्याला दिलेला शब्द, बापाचं नाव, समाज काय म्हणेल, असं बरंच काही तो बोलला. प्रज्वलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दार उघडंच आहे काका. या ना आज जेवायला. मीच करतोय.” मग धोंडीबाला एकदम आठवलं की आज त्याचा उपास आहे. तेव्हापासून त्याचे उपास वाढले ते वाढलेच. दार दिवसभर सताड उघडं असायचं, आणि समोरच्या फ्लॅटमधलं मांजर सोडलं तर त्यातून कुणी आत येत नव्हतं.

विजयश्रीने खोली झाडून घेतली, खिडकी उघडली आणि भर दुपारी पलंगावर आडवी होऊन झोपली. तशी गाढ झोप सुमनताईंनी तिला लागलेली कधी पाहिली नव्हती. संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही, आणि कुणी उठवली नाही.

प्रज्वल शिफ्टवरून आला आणि परात घेऊन ओट्याशी उभा राहिला. आता तिघांच्याच करायच्या होत्या. सुमनताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या. त्याला शब्द मोडल्याची लाज वाटत असणार, हे त्यांना दिसत होतं. आपण टोमणा मारू अशी तो वाट बघतोय, हेही दिसत होतं. त्यांनी मारला नाही. भाकरी तव्यावर पडली, फुगली, जरा वाकडी पण धड. त्याने ती उलटली आणि पोळलेल्या बोटांवर फुंकर मारली.

“आई,” तो पाठमोराच म्हणाला, “एवढं असतं हे, ते अण्णांना माहीत होतं का गं?”

सुमनताईंना आधी वाटलं, नाही म्हणावं. लेकाला बरं वाटलं असतं. गेलेल्या माणसाविषयी लेकाचं मन कशाला मोडा. पण या घरात लोकांना बरं वाटावं म्हणून फार काही होऊन गेलं होतं.

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर ते कधी इथं आत आले न्हाईत.”